शेवटच्या घराचं पाणी

कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात मीच त्यांच्या हाताखाली शिकले, आणि शिकताना इतकी वैतागले की पहिल्या तीन महिन्यांत त्यांना दुसऱ्या भागात पाठवा असं मी दोनदा साहेबांना सुचवून पाहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, त्या माणसाच्या गल्ल्यांमधून तक्रार येत नाही. तुम्हाला तक्रारी कमी पडतात का?"

मी सांगोल्याची. टँकर आला की कळशी घेऊन पळायचं, हे चालायला शिकल्यावर लगेच शिकलेली. त्यामुळे पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून नोकरी लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता आपल्या पोरीला पाण्यामागे पळावं लागणार नाही. सोलापुरात पूर्व भागातला एक पट्टा माझ्याकडे आला. यंत्रमागांचा खडखडाट, दारात बिड्या वळत बसलेल्या बायका, आणि प्रत्येक घरापुढे निळी बॅरलं. तिथले चावीवाले म्हणजे हे मामा.

चावीवाला म्हणजे गल्लीचं पाणी सोडणारा माणूस. रस्त्याखाली चेंबरमध्ये वॉल्व्ह असतो. लांब दांड्याची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी त्यात घालायची आणि फिरवायची. पाणी येणार चार दिवसांआड, म्हणजे त्या दिवशी सगळ्या गल्लीचा जीव त्या चावीत. मामा उंच, वाळलेले, सायकलवर यायचे. चावी सायकलच्या दांडीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली. वळसंगकडच्या एका खेड्यातले, ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. ऑफिसातले काहीजण त्यांना चेष्टेनं 'फादर' म्हणत. ते शांतपणे सांगायचे, "फादर लगीन करत न्हाईत. मला तीन पोरी हायत."

माझा पहिला वैताग चावीवरूनच. त्या मोठ्या वॉल्व्हचे बेचाळीस आटे. बाकीचे चावीवाले चार मिनिटांत खडाखड उघडून चहाला जात. मामा चावी बसवायचे आणि नुसते उभे राहायचे. मग एक आटा. परत थांबायचे. मग दुसरा. मी घड्याळ लावून पाहिलं, पंचवीस मिनिटं.

"मामा, खांदा दुखतोय का?"

"न्हाय की."

"मग थांबता कशाला?"

"पाण्याला एकदम सोडलं की धक्का बसतोय. लाइन म्हातारी हाय."

हे खरं होतं. जुन्या लाइनीत पाणी एकदम सोडलं की अडकलेली हवा आणि पाण्याचा दाब मिळून सांधे उचकटतात, हे मी पुस्तकात शिकले होते. पण पुस्तकाच्या हिशोबानं बारा मिनिटं पुष्कळ झाली असती. मी तसं म्हटलं.

"बारा मिनिटं पाण्याची," मामा म्हणाले. "उरलेली माझी."

पाणी सुरू झालं की चेंबरजवळ एक बादली पालथी घालून त्यावर बसायचे. मोबाइल बंद करून सायकलच्या पिशवीत. पेपर नाही, तंबाखू नाही, गप्पा नाहीत. डोळे उघडे. वरिष्ठांचा फोन आला आणि मामा लागत नाहीत म्हणून मी कितीदा बोलणी खाल्ली असतील. एकदा चिडून विचारलं, "हे काय करता तुम्ही तासन् तास? प्रार्थना?"

ते जरा विचारात पडले. "बसतो," म्हणाले. "पाणी घराघरात चाललंय. तवर आपण त्याच्यासंगं ऱ्हायाचं."

"पण काही म्हणता की नाही मनात?"

"आटा फिरवताना येशूचं नाव घेतो. येक आटा, येकदा नाव. बसल्यावर तेबी न्हाय."

त्यांना मराठी येत होती, अक्कलकोटकडच्या माणसाशी ते कन्नडात बोलत, विणकरांशी तेलुगूत, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांशी दखनीत भांडतही. मी गमतीनं म्हटलं, "मग देवाशी कुठल्या भाषेत?"

"चार भाषा येत्यात," मामा म्हणाले. "तितं एकबी लागत न्हाय."

वॉल्व्ह बंद करायच्या आधी ते उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे. शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. मामा तिला अव्वा म्हणायचे. ती दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली असायची आणि ते दिसले की तेलुगूत शिव्या सुरू करायची, कारण पाणी सगळ्यात शेवटी तिच्याकडे पोचायचं. मामा तिच्या नळापाशी उभे राहायचे. धार करंगळीएवढी. ते तिचं बॅरल भरेपर्यंत हलायचे नाहीत. चार्टवरची वेळ संपून गेलेली असायची, पुढच्या गल्लीतून फोन यायला लागायचे, मी चेंबरजवळ येरझारा घालत असायचे. एकदा अव्वा मोडक्या मराठीत त्यांना म्हणाली, "तुझा देव लई हळू हाय रे."

"व्हय अव्वा," मामा म्हणाले. "पर येतोय की."

मधल्या एका घरात नळाला मोटर लावून पाणी ओढत होते. मी म्हटलं, पंचनामा करू, मोटर जप्त करू. मामा म्हणाले, थांबा. ते त्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. घरमालक बाहेर आला. "काय पाहिजे?"

"काय न्हाय. अव्वाच्या नळाची धार गेली, म्हणून आलोय."

"मग?"

"मग काय न्हाय. उभारलोय."

आणि खरंच उभे राहिले. हात मागे बांधून, चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. शेजारचे बघायला लागले. दहा मिनिटांनी आत मोटरचा आवाज बंद झाला. पुढच्या खेपेला परत सुरू, परत मामा दारात. पाचव्या खेपेनंतर मोटर गेली. एवढ्या वेळात मी दहा पंचनामे केले असते, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांच्या घरी नाताळच्या जेवणाला मी गेले होते. मटण, भाकरी, शेंगाचटणी आणि मामींच्या तक्रारी. "ह्यांना कांदा चिरायला दिला की माझं कालवण दुसऱ्या दिवशी होतं," मामी म्हणाल्या. "भांडी घासायला बसले की तांब्याशी बोलत बसल्यागत. मी म्हणते, अहो, चर्चमध्ये बसा की काय बसायचं ते! तर म्हणतात, चर्चमध्ये बसतोच की, घरात का उठवतेस." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत खाली बसून फरशीवर सांडलेलं पाणी पुसत होते. तेवढंसं पाणी, पण कडेपासून मध्यापर्यंत, सावकाश. पोरी हसत होत्या.

असा माणूस. मला वाटायचं, भला आहे, पण कामाच्या जगात बसणारा नाही. मग तो उन्हाळा आला.

पाणी चारवरून सहा दिवसांआड गेलं. त्या भागात एक पुढारी होते. वरच्या लाइनीवरच्या त्यांच्या घरी लग्नकार्य निघालं. त्यांचा पुतण्या एका सकाळी चेंबरपाशी आला, दोन मोटारसायकली, चारपाच जण. मी त्या दिवशी लाइनचा दाब मोजायला तिथेच होते.

"मामा, खालची लाइन बंद करा. आज वरच्या लाइनला दोन तास जादा."

"खालच्यांचं भरू द्या. मग बगू."

"बगू न्हाय. आत्ता."

"टोकाचं घर राह्यलंय अजून."

पुतण्यानं मामांच्या कानशिलात मारली. मोठ्यानं. मामांची टोपी उडाली. गल्लीतल्या बायका बॅरलांपाशी थबकल्या. मामांच्या दोन्ही हातांत चावी होती, नुकतीच चेंबरमधून बाहेर काढलेली. साडेचार फुटांचं लोखंड. सगळ्यांचं लक्ष त्या हातांकडे गेलं, माझंही. त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

मग त्यांनी चावी खाली ठेवली, शेजारी कुणी झोपलंय असं समजून ठेवावी तशी, आवाज न करता. आणि तिच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. पुतण्याला पुढे काय करावं ते कळेना. बसलेल्या माणसाला मारणं गल्लीसमोर बरं दिसलं नसतं. एक शिवी देऊन ते लोक निघून गेले. टोकाच्या घराला त्या दिवशीही पाणी पोचलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला जबाब होता. कर्मचाऱ्यानं नागरिकाच्या अंगावर लोखंडी चावी उगारली आणि हे मी समक्ष पाहिलं, असा मजकूर. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"सर, असं झालं नाही. त्यांनी चावी खाली ठेवली."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "मॅडम, तुमचं प्रोबेशन अजून चार महिने आहे ना? मामांना काही होत नाही. टाकीवर बसवू. सावलीची जागा आहे. वयही झालंय त्यांचं."

मी सही केली. तारीखसुद्धा नीट घातली.

मामा शहराबाहेरच्या टाकीवर गेले. तासातासाला पाण्याची पातळी वहीत लिहायची, एवढंच काम. मी त्यांना भेटायला गेले नाही. तिकडे जाणारा एक माणूस म्हणाला, "फादर मजेत हायत. पातळी बगायला जिना चढतात, ते बी एकेका पायरीवर थांबून." सगळे हसले. मीही हसले.

त्यांच्या जागी आलेला चावीवाला चपळ होता. चार मिनिटांत वॉल्व्ह उघडायचा. माझे चार्ट पहिल्यांदा वेळेवर जुळले. अव्वा सोडून सगळे खूश. मग एका सकाळी अर्धा उघडल्यावर वॉल्व्ह जरा जड लागला, त्यानं जोर लावला. तो जुना वॉल्व्ह इतरांच्या उलट दिशेनं फिरायचा. आधीचे दिवस त्याच्या लक्षात होतं, त्या दिवशी घाईत हात चुकला. वॉल्व्ह एकदम पुरता मिटून अडकला आणि मागे दाब चढून जुना सांधा फुटला. सांधा फिटरनी दोन दिवसांत बसवला, पण वॉल्व्ह जागचा हलेना. जोर लावला तर दांडा तुटायची भीती. बदलायचा तर रस्ता खोदायचा, सगळा भाग बंद ठेवायचा, आणि त्या मापाचा वॉल्व्ह कुठे तयार मिळत नव्हता.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसल्या. टँकर आले ते पुढच्या गल्लीतच संपले. साहेबांचा फोन आला. "मामांना आणा. कुठूनही आणा."

मामांचा मोबाइल बंद. घरी गेले, कुलूप. शेजारची बाई म्हणाली, चर्चला गेलेत सगळे. मी गाडी तिकडे घेतली. उपासना संपत आली होती. शेवटचं गीत चालू होतं. दारातून मी मामांना खूण केली. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि परत गाऊ लागले. गीत संपलं, आशीर्वाद झाला, लोक बाहेर पडू लागले. मामा बाकावरून उठलेच नाहीत. मी आत गेले.

"मामा, नऊ दिवस झाले पाणी नाही. बायका रस्त्यावर बसल्यात. वॉल्व्ह अडकलाय. गाडी बाहेर उभी आहे."

"धा मिनिटं बसा," मामा म्हणाले.

"दहा मिनिटं? मामा, तिथं..."

"ऐकलं की, मॅडम. बसा."

मला ओरडावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं ओरडणार? मी शेजारच्या बाकावर बसले. फोन पर्समध्ये थरथरत होता. वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं कुरकुरत होतं. कुणीतरी चटया गुंडाळत होतं. पहिली चार मिनिटं मी घड्याळ बघत काढली. मग बघायचं सोडलं, आणि सोडल्याबरोबर तो कागद डोळ्यांपुढे आला. माझं नाव, माझी सही, नीट घातलेली तारीख. गेल्या दीड महिन्यात मी एकदाही अशी बसले नव्हते. बसायचंच टाळत होते, हे तेव्हा लक्षात आलं. कामात असलं की तो कागद दिसत नव्हता.

मामा उठले. "चला. आता हात माझा हाय."

मामीही गाडीत बसल्या. रस्त्यावरच्या बायकांनी आधी मला शिव्या घातल्या, मग मामांना, मग वाट दिली. मामांनी चर्चचा पांढरा शर्ट काढून मामींकडे दिला आणि बनियनवर चेंबरमध्ये उतरले. चावी बसवायच्या आधी वॉल्व्हवर हात ठेवला, गाभण म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "हा डावखुरा हाय," म्हणाले. "नव्या माणसाला कुणी सांगितलं न्हवतं व्हय?"

सांगितलं होतं मीच, एकदा, जाता जाता.

अकरा वाजल्यापासून ते चार वाजेपर्यंत मामा त्या खड्ड्यात होते. थोडं तेल सोडायचे, पाव आटा पुढे, त्याहून कमी मागे. मग थांबायचे. परत पाव आटा. वरून ऊन ओतत होतं. आधी लोक ओरडत होते, "लावा की जोर!" तासाभरानं आवाज खाली आले. कुणी छत्री धरली, कुणी ताक आणलं. अव्वा सूप घेऊन चेंबरच्या कडेलाच येऊन बसली आणि बिड्या वळू लागली. एकदाही शिवी दिली नाही. मी वर उभी राहून आटे मोजत होते आणि पहिल्यांदाच मला कसली घाई नव्हती. चारच्या सुमारास खालून घर्र असा आवाज आला आणि लाइनीतून हवा सुटायला लागली. बायका घागरी उचलून घरांकडे पळाल्या.

मामा वर आले, तोंड धुतलं, आणि टोकाच्या घराकडे चालायला लागले. मी त्यांच्याबरोबर गेले. अव्वाच्या नळातून नुसती हवा येत होती. आम्ही वाट बघत उभे राहिलो. मी म्हटलं, "मामा, त्या कागदावर माझी सही आहे."

"ठाव हाय. मला वाचायला दिलावता की."

"मी खोटं लिहून दिलं."

ते नळाकडेच बघत होते. "नोकरीला लागलो तवा मी लई तापट होतो, मॅडम. एकानं असंच तोंडात मारलं. ह्याच चावीनं त्याचं डोकं फोडलं मी. मरता मरता वाचला तो. तक्रार केली न्हाय, म्हणून नोकरी ऱ्हायली. आमच्या पाळकांनी सांगितलं, चावी हातात घेतली की आदी थांब, नाव घे, मग फिरव. तवापासनं थांबतोय. भक्ती मागनं आली. आदी नुसतं भ्या होतं, माझ्याच हाताचं."

तीस वर्षं ज्या एका गोष्टीपासून हा माणूस स्वतःला आटा आटा करून अडवत आला होता, नेमकी तीच त्यानं केली असं मी लिहून दिलं होतं.

"त्या दिवशी," मामा म्हणाले, "मनात उगारली होती की. पुरती वर नेली होती. मग खाली ठिवली. तवा कागदावर आलं ते तसं सगळंच खोटं न्हाय." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "पर तुमाला माझ्या मनातलं दिसत न्हवतं. तुमाला दिसलं ते येगळं होतं. म्हणून तुमची सही खोटीच."

रागानं नाही, वॉल्व्ह डावखुरा आहे हे सांगितलं त्याच सुरात. मग नळ खाकरला, तांबूस पाणी आलं, अव्वानं पहिली घागर ओतून दिली आणि दुसरी लावली.

सोमवारी मी ऑफिसात नवा जबाब लिहिला. हातानं. चार ओळींचा, पण मला दुपार झाली. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "विचार केलाय ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तीन दिवस तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मग वर पाठवला. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं आणि मला ड्रेनेजला टाकलं. आजही मी तिथेच आहे, आणि खरं सांगायचं तर कामाचा कंटाळा येत नाही. मामांना त्यांच्या गल्ल्या परत मिळाल्या. माझ्या जबाबामुळे की तो वॉल्व्ह दुसऱ्या कुणाला फिरवता येईना म्हणून, हे मला अजून माहीत नाही. निवृत्तीपर्यंतचे आठ महिने त्यांनी तिथेच काढले.

ते परत आले त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. मामा चेंबरचं झाकण सरकवत होते.

"नवा कागद दिलात म्हणं," ते म्हणाले. "काय लिवलं?"

मला पाठच होतं. "कर्मचाऱ्यास मारहाण झाली. कर्मचाऱ्याने हातातील चावी खाली ठेवली व तो जमिनीवर बसला. पूर्वीचा जबाब मी खोटा दिला होता."

"येवढंच?"

"एवढंच."

"बरं केलंत," मामा म्हणाले. "मनातलं माझं मी बगतो." आणि चावी बसवून उभे राहिले.